नाइसमुक्त मुरुम

४ मे, रविवार. सकाळी ६.१०
किळस आली. दुसरा शब्द नाही. 'दहावी ब, सन २०००' या ग्रुपवर काल आमचे जुने हेडमास्तर वारल्याची बातमी पडली. खाली एकानं लिहिलं, नाइस. दुसऱ्यानं, नाइस फोटो. मेलेल्या माणसाला! वाचायचं नाही, नुसता अंगठा हाणायचा. छत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं ते याच्यासाठी? मी असं आयुष्यात केलं नाही.
संकल्प: आजपासून हा शब्द तोंडात नाही, कागदावर नाही. आधी आमचं मुरुम गाव नाइसमुक्त करायचं, मग उमरगा तालुका.

६ मे, मंगळवार
बब्रुवान येऊन गेला. माझा विद्यार्थी, आता मोटारी-पाइपांचं दुकान आहे. अकरा तारखेला बॅचचा स्नेहमेळावा. म्हणाला, सर, तुमी बोलायचंच, टायमाचं टेन्शन घ्यायचं न्हाय. मी विषय जागेवर सांगितला: 'नाइस: अर्थ, वापर, उगम.' पंचेचाळीस मिनिटं. त्यानं लगेच ग्रुपवर टाकला. खाली एकतीस जणांनी लिहिलं, नाइस सर. गाढवं.
तरी बरं वाटलं. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, मला कोणी 'बोला' म्हटलं नव्हतं. हे भाषण गाजलंच पाहिजे.

७ मे
उगम सापडला. लॅटिन 'नेस्कियस', म्हणजे अज्ञानी. फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा अर्थ होता मूर्ख. मग चोखंदळ, मग बारीक, आणि घसरत घसरत शेवटी 'छान'. म्हणजे मुळात ज्याला काही कळत नाही त्याचा शब्द! इथं टाळ्या पडणार. दोन मिनिटं थांबायचं.
दुपारी रुद्रम्मानं हुग्गी केली, गव्हाची खीर. कशी झालीय, विचारलं. नेमकं विशेषण सुचायला वेळ लागतो. विचार करून 'चिकट' म्हटलं. वाटी उचलून घेऊन गेली. म्हणाली, सरळ नाइस म्हनायला काय जातंय तुमचं? बायकोला पहिल्या रांगेत बसवणे.

९ मे
सकाळी बब्रुवानचा फोन. मंडपवाले पण दोन शब्द बोलणार आहेत, सर, वीस मिनिटांत बसवा. दुपारी परत फोन, दहा. संध्याकाळी म्हणाला, सर, तुमी नुसते आशीर्वाद द्या, जेवण गार हुतंय. माझी तयारी पंचेचाळीस मिनिटांची आहे. तेवढंच बोलणार. माइक हातात आल्यावर काढून कोण घेतो बघू.
रुद्रम्माचं भलतंच. म्हणाली, वह्या तपासताना तुमी काय लिवत हुता ते आदी आठवा. त्यात काय आठवायचं? एका बैठकीत दोनशे वह्या हातावेगळ्या करायचो, तेही समोर मॅच चालू असताना. असा मास्तर आता मिळायचा नाही.

११ मे, रविवार. संध्याकाळी ७
फेटा बांधणाऱ्यानं दोन्ही कान झाकले. शाल, नारळ. माइक मिळाला. 'नाइस म्हणजे मूर्ख' इथवर आलो. टाळ्या पडल्या. दोन मिनिटं थांबलो. तेवढ्यात अयोध्या उठली. तिसऱ्या बाकावर बसायची, आता भूमच्या दवाखान्यात नर्स आहे. म्हणाली, सर, एक वाचून दाखवू का?
पर्समधून जुनी वही काढली. इंग्रजीचा निबंध, 'माय फादर'. वाचून मराठीत सांगितला. माझे वडील सोमवारी वारले. ते ट्रक चालवायचे. आई तेव्हापासून बोलत नाही. मी शाळा सोडणार आहे. घरात कोणाला सांगता येत नाही, सर वाचतील म्हणून इथं लिहिते.
मग वही उघडी धरली. निबंधाखाली लाल शाईत, नाइस. त्याखाली माझी सही.
मागच्या रांगेत कोणीतरी हसलं, शेजारच्यानं त्याला कोपरानं ढोसलं. अयोध्या म्हणाली, तवा लई राग आलता सर, आता न्हाय. तुमी ह्याच शब्दावर बोलायलात म्हणून आणली.
भाषण अकरा मिनिटांत आटोपलं. जेवण गार झालं नाही.

१२ मे
तेव्हा इन्स्पेक्शन तोंडावर असणार. वर्गात साठ पोरं होती. अक्षर दुसऱ्या कोणाचं असू शकतं.
दुपारी: अक्षर माझंच आहे. स्वतःची किळस येते. रुद्रम्मानं हुग्गी पुढं ठेवली. सगळी खाल्ली, चव लागली नाही.

१३ मे
भाषणाचे कागद फाडले. बब्रुवानकडून अयोध्याचा नंबर घेतला. व्हॉट्सअ‍ॅपवर तीन तास टाइप करत होतो. आई पुढं बोलायला लागली का, शाळा सुटली नाही ती कोणामुळं, वडील कोणत्या रस्त्याला जायचे, सगळं विचारलं. विद्यार्थ्याची माफी मागितली, जन्मात पहिल्यांदा. चार वेळा वाचून बघितलं. ४.२० ला पाठवलं.
४.२० लाच दोन निळ्या खुणा. ४.२० लाच उत्तर.
नाइस सर.
ड्युटीवर असेल. सावकाश वाचेल.