दिल्लीच्या भिंतीवरचा चौक

आये, माझ्या लग्नात तू नव्हतीस, हे मी अजून गिळलेलं नाही. आपल्यात भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहून मधे लग्नाची पालघट देवी बसवल्याशिवाय लगीन लागत नाही, आणि पाड्यातल्या प्रत्येक मुलीचा चौक लिहायला तूच पुढे असायचीस. माझ्या वेळेला नेमकं दिल्लीच्या सरकारचं बोलावणं आलं. कुठल्याशा मोठ्या प्रदर्शनात भिंत रंगवायची होती. पाड्यातली माणसं म्हणाली, "जा तू. मोठ्या सायबाला सांग, जंगलातली जमीन आमी कसतो, ती आमच्या नावावर करा." तुला ते पटलं. जीप आली, तू नवं लुगडं नेसून तिच्यात बसलीस, आणि माझा चौक मावशीनं लिहिला. तिचा हात थरथरायचा. माझी पालघट देवी तिरकीच झाली. मी अंगाला हळद लावून तिच्याकडे बघत होते आणि मनातल्या मनात दिल्लीला शिव्या घालत होते.

तू परत आलीस ती अंगावर शाल घेऊन. जमिनीचं विचारलं तर म्हणालीस, "सायेब हसला. म्हनला, बाई, तुमी चित्र काढा." मग माझा फुगलेला चेहरा बघून हळूच म्हणालीस, "मी चौक लिवला, पन मधी देवी नाय बसवली. तिथं कुनाचं लगीन हाय?" त्या एका बोलण्यावर मी कितीतरी वर्षं काढली. दिल्लीला नुसती चौकट मिळाली, असं म्हणत बोईसरच्या कारखान्यात खोकी भरत राहिले.

परवा लेकीनं मोबाइलवर ती भिंत दाखवली. देवी आहे, आये. सरळ, ठसठशीत, बाजूला घोडा, फणी, शिडी. एवढी देखणी देवी तू पाड्यात कुणाच्याच घरी लिहिली नव्हतीस. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तू खोटं बोललीस ते माझी समजूत काढायला, हे कळतं. कळून जळणं थांबत नाही.

आता सरकारची माणसं वरचेवर पाड्यात येतात. नव्या रस्त्यासाठी जमीन मोजतात, आपल्या वरईच्या तुकड्यात खुंट्या ठोकतात, अंगठा कुठं द्यायचा तेवढं सांगतात. मागच्या खेपेला मी मुद्दाम ओटीच्या भिंतीवर मोठं चित्र काढून ठेवलं होतं. त्यांनी चित्राकडं न बघता त्या भिंतीचं माप घेतलं आणि गेले. दिल्लीनं माझी आई नेली म्हणून राग आहे, असं मी लेकीला सांगते. तू आता या जगात नाहीस, हे पत्र कुठं पोचायचं नाही, म्हणून तुला लिहिते: मलाही कुणीतरी बोलवायला हवं होतं.