पळालेल्या जोडीला पुन्हा जू नाही

देऊळघाट,
ता. १८ जानेवारी १९६३

तीर्थस्वरूप दादास,
पुष्पाचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

इकडे सर्व खुशाल आहे, असे लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. संक्रांत चांगली झाली. मळ्यात वांगी इतकी आली आहेत की शेजारणी आता मला पाहून दार लावून घेतात. अन्नपूर्णा तिसरीच्या सहामाहीत पहिली आली. ती रोज मामाची आठवण काढते. मामाची काढते की मामा आणतात त्या चिक्कीची, ते विचारू नका.

पत्राचे खरे कारण वेगळे आहे. दादा, मला भीती वाटते आहे. ह्यांनी दिवाळीत एका संस्थानिकाच्या लिलावातून जुनी अमेरिकन मोटार आणली, ते तुम्हाला ठाऊकच आहे. तिच्या इंजिनावर हवा कोंबणारा एक पंप आहे आणि त्यामुळे ती मुळातच पिसाळल्यासारखी पळते. आता मलकापूरचा कोणी पंजाबराव मिस्त्री ह्यांच्या कानी लागला आहे. इंजिनाचे हेड घासतो, पंपाचे चाक लहान करतो म्हणजे तो आणखी जोराने फिरेल, सायलेन्सर कापतो, असे काय काय तो सांगतो. हे सगळे कशासाठी, तर अमडापूरच्या अर्जुनरावांच्या मोटारीला राजूरच्या घाटात हरवायचे. गेल्या साली शंकरपटात अर्जुनरावांच्या बैलांनी आपली जोडी मागे टाकली, ते ह्यांच्या पोटात अजून दुखते. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी घाट चढायची शर्यत ठरली आहे. हरेल त्याने घाटाखाली सगळ्यांना पारण्याचे जेवण घालायचे.

त्याच पटात ह्यांची गाडी उलटली होती. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न केला तो बैल बरे आहेत का, हा. मी शेजारी बसले होते. अशा माणसाला मी काय सांगू?

आणि शेजारी अन्नपूर्णेला बसवणार. ह्यांनी पहिला पट जिंकला त्याच दिवशी ती जन्मली, म्हणून तिचा पायगुण. तुम्ही मोटारींत जन्म घालवला आहे. त्यांना चार शब्द लिहा. माझ्या पत्राचा उल्लेख करू नका, नाहीतर घरातच शर्यत लागेल.

लोभ आहेच, तो माझ्या भीतीहून मोठा ठेवा.
आपली,
पुष्पा


अकोला,
ता. २४ जानेवारी १९६३

रा. रा. रंगराव भाऊजी यांस,
शेषराव याचा कृ. सा. न. वि. वि.

आपल्या मोटारीची कीर्ती अकोल्यापर्यंत आली. आमच्या कारखान्यातले लोक तिला पाहायला एखाद्या रविवारी सायकलीने निघायच्या गोष्टी करतात. खोटे कशाला सांगू, मलाही पाहायची आहे. तसला पंप मी आयुष्यात एकदाच उघडून पाहिला आहे आणि त्या दिवशी जेवायचे विसरलो होतो.

म्हणूनच लिहितो. ज्यांनी ती गाडी बनवली त्यांनी त्या इंजिनाला झेपेल तेवढी हवा आधीच पाजली आहे. त्यावर आणखी पाजायची म्हणजे जेवून उठलेल्या जावयाला पुन्हा पाटावर बसवण्यासारखे आहे. आपल्याकडचे पेट्रोल हलके. दाब वाढला की ते वेळेआधीच पेट घेते, आत हातोडी मारल्यासारखा आवाज येतो आणि एक दिवस पिस्टनला भोक पडते. घाटात पाणी उकळेल ते वेगळेच. एवढे करून पदरात काय पडणार, तर एका वळणाचा फरक.

आणि एक विचारतो, रागावू नका. पळण्याची तयारी चालली आहे, थांबण्याची कोण करतो? गाडी पंचवीस वर्षांची. ब्रेकचे लायनर कोणी पाहिले का? हौस करायचीच असेल तर आधी त्यांची करा. मी स्वतः येऊन बसवून देतो. तोवर मिस्त्रीबुवांना चहा पाजा आणि परत पाठवा.

धाकट्यावर ठेवता तसाच लोभ ठेवावा, कान धरायचा हक्कही ठेवावा.
आपला,
शेषराव


देऊळघाट,
ता. ६ फेब्रुवारी १९६३

प्रिय शेषराव यांस,
रंगरावचा नमस्कार वि. वि.

तुमचे पत्र पोचले. त्याला तुमच्या बहिणीच्या चुलीचा वास येत होता, पण असो. मी रागावलो नाही. जिंकणारा माणूस रागावत नाही.

तुम्ही लिहिलेत ते सगळे मी पंजाबरावला वाचून दाखवले. तो हसला आणि म्हणाला, कारखान्यातल्या मानसाले नटबोल्ट दिसते, जोर दिसत नाही. हेड घासून झाले आहे, पंपाचे चाक बदलले आहे, सायलेन्सर कापला आहे. आता गाडी सुरू केली की शेजारच्या कलाबाईच्या कोंबड्या दोन घरे पलीकडे जाऊन बसतात. परवा घाट चढलो. जिथे लोक दुसऱ्या गिअरवर रडत जातात तिथे मी गाणे म्हणत गेलो. शेषराव, पाठ सीटला चिकटते हो! तुम्ही एकदा बसा म्हणजे पत्रे लिहायचे सोडून द्याल.

पाणी उकळते, हे मात्र तुमचे बरोबर निघाले. पण त्यावर आमच्या घरची रीत आहे. पळालेल्या जोडीला आम्ही त्या दिवशी पुन्हा जू लावत नाही. पट झाला की बैल मोकळे चालत घरी येतात आणि छकडा दुसरे बैल ओढून आणतात. आमच्या आजोबांनी ही रीत मोडली नाही, मी मोडणार नाही. म्हणून घाट चढून झाला की मी इंजिन बंद करतो, गाडी न्यूट्रलमध्ये टाकतो आणि खाली आरामात घरंगळत येतो. बिचारे इंजिन थंड होते आणि पेट्रोलही वाचते. ब्रेक आहेतच की. थोडा जळका वास येतो, पण पहिल्या दिवशी नवरीसुद्धा रुसते.

थांबण्याची चिंता तुम्ही करू नका. ही चढायची शर्यत आहे, आणि चढावर गाडी थांबायला ब्रेक कशाला लागतो? शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी जेवायला या. अर्जुनराव वाढणार आहेत.

लोभ करता तेवढा पुरे, उपदेश जरा कमी करावा.
आपला,
रंगराव


अकोला,
ता. १२ फेब्रुवारी १९६३

चि. सौ. पुष्पास,
दादाचे अनेक आशीर्वाद.

भाऊजींचे पत्र आले. इंजिनाबद्दल वाचून मला वाईट वाटले, पण शेवटी त्यांनी जे सहज लिहिले आहे ते त्याहून वाईट आहे. ते घाट उतरताना इंजिन बंद करतात. पुष्पे, मी भ्यालो आहे. तुला धीर द्यायला बसलो होतो, पण ते जमत नाही.

हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखव. त्यांनी ऐकले नाही तरी वाच.

भाऊजी, बैलांचीच गोष्ट करतो, कारण ती तुम्ही माझ्याहून जास्त जाणता. कापसाची भरली गाडी उतारावर कोण धरतो? बैलच धरतो, मागे रेटून, खूर रोवून. मोटारीत ते काम इंजिन करते. ते चालू असेल आणि गिअरमध्ये असेल तर गाडीला धरते. न्यूट्रलमध्ये टाकून तुम्ही उतारावर जोडीच सोडून देता आणि भरल्या छकड्यात एकटे बसता. मग सगळा भार ब्रेकवर. तो जळका वास नवरीच्या रुसण्याचा नाही, लायनर जळण्याचा आहे. तापलेला ब्रेक कधी सांगून जात नाही. पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही, इतकेच होते.

तसे झालेच तर चावी फिरवा, क्लच दाबा, दुसरा गिअर टाका आणि क्लच सोडा. इंजिन किंचाळेल, फुटेल, फुटू द्या. तरीही आवरली नाही तर डोंगराच्या अंगाला गाडी घासा. दरीकडे बघूसुद्धा नका.

शर्यतीला आता मी विरोध करत नाही. चढा, जिंका. फक्त उतरू नका. मला शिवरात्रीआधी रजा मिळत नाही, नाहीतर येऊन चाकाखाली दगड लावले असते. अन्नपूर्णेला त्या गाडीत बसू देऊ नकोस. भांडण झाले तर होऊ दे.

तुझ्या ख्यालीखुशालीच्या दोन ओळी धाड, म्हणजे मला जेवण जाईल.
तुझा,
दादा


देऊळघाट,
ता. २५ फेब्रुवारी १९६३

तीर्थस्वरूप दादास,
पुष्पाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

आधी हे वाचा: ते जिवंत आहेत. उजवा हात मोडला आहे, कपाळाला टाके आहेत. बुलढाण्याच्या दवाखान्यातून काल घरी आणले.

तुमचे पत्र मी चुलीपाशी बसून वाचून दाखवले. ते सुपारी कातरत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, अडकित्त्याले धार नाही राह्यली. अन्नपूर्णेवरून भांडण झाले. पोरगी रडली, बापाने शब्द दिला होता ना. शेवटी मी म्हटले, ती बसेल तर मीही बसेन. बाईमाणूस शर्यतीच्या गाडीत! त्यांना वाटले मी माघार घेईन. मी घेतली नाही. ती पुढे त्यांच्या डाव्या हाताला, मांडीवर नारळ धरून, आणि मी मागे.

खरे सांगते दादा, चढताना मी हसले. एवढी भ्यालेली बाई मी, पण तो पंप ओरडायला लागला, झाडे मागे धावू लागली, अर्जुनरावांची गाडी वळणामागे दिसेनाशी झाली आणि मला हसू फुटले. मग मला माझीच भीती वाटली.

आम्ही जिंकलो. वर गुलाल उधळला. गाडीच्या नाकातून वाफ निघत होती. ते म्हणाले, चला, खाली पारण्याले बसू, अन् चावी बंद केली. तो आवाज बंद झाल्याबरोबर मी अन्नपूर्णेचा दंड धरून तिला खाली ओढले. नारळ तिथेच राहिला. मी म्हटले, आम्ही पायी येतो. चार लोकांसमोर त्यांचा चेहरा पडला. गाडी ढकलून दिली लोकांनी आणि ती घरंगळत गेली.

आवाज नव्हता, दादा. नुसता टायरांचा. वळणापलीकडे गेल्यावर तोही गेला. झाडावरची वानरे ऐकू येत होती. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या मेल्या इंजिनाचा आवाज देवाकडे मागितला. शिवरात्रीचा उपास माझा अजून सुटला नव्हता. मी म्हटले, महादेवा, ओरडू दे त्याले.

आणि ते ओरडले. असे ओरडले की अन्नपूर्णेने कान झाकले. मग पत्रा फाटल्यासारखे काहीतरी, आणि पुन्हा वानरे.

मी चपला टाकून धावले. गाडी डोंगराला चिकटून उभी होती आणि ते दाराबाहेर बसले होते. मला पाहून म्हणाले, शेषरावांनी लिहिला तोच गिअर टाकला होता, दुसरा. बाकी ते सांगतील तसे लिहीन.

या. जमेल तेव्हा नाही, लवकर या.
पुष्पा


देऊळघाट,
ता. २ मार्च १९६३

प्रिय शेषराव यांस,
रंगरावचा नमस्कार वि. वि.

हात प्लास्टरमध्ये आहे, म्हणून मी सांगतो आणि तुमची बहीण लिहिते. ती काही गाळणार नाही असे कबूल करून बसली आहे.

तुमचे पत्र वाचले जात होते तेव्हा मी सुपारी कातरत होतो, पण सुपारी एकही कातरली गेली नाही. सगळे ऐकले. ऐकूनही चावी बंद केली. लोक बघत होते आणि घरची रीत होती. दोन वळणे ब्रेक बरा लागला. तिसऱ्याला पाय खालपर्यंत गेला आणि खाली काहीच नव्हते. शेषराव, पटात माझी गाडी उलटली तेव्हा मी भ्यालो नव्हतो, कारण बैलांना कळते. ह्या यंत्राला काही कळत नव्हते. मी तिला हाका मारल्या, जोडीला मारतात तशा.

मग चुलीपाशी ऐकलेले तुमचे शब्द आठवले. दुसरा गिअर टाकला. इंजिन फुटले, पण फुटायच्या आधी त्याने गाडी धरली. पंजाबराव येऊन बघून गेला, पिस्टनला भोक आहे. जोर वाढवून फायदा झाला का, असे तुम्ही विचाराल. झाला, मी जिंकलो. जेवण अर्जुनरावांनी घातले म्हणतात, मी दवाखान्यात होतो. त्यांनीच बैल पाठवून मोटार ओढून घरी आणली. ते त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत, हे जास्त लागले.

मोटार गोठ्यामागे ताडपत्रीखाली आहे. तुमच्या बहिणीने ती ताडपत्री ओढून काढू नये म्हणून मी रोज काही ना काही कारण सांगतो. आता सांगून टाकतो. डोंगराला घासली ती डावी बाजू. दार आत आले आहे. ज्या जागी अन्नपूर्णा नारळ घेऊन बसली होती तिथे आता दार आहे. मी ते घाटातच, गाडीबाहेर बसून पाहिले होते. तेव्हापासून जेवताना पोरगी शेजारी बसली की मला घास जात नाही. हे मी तिच्या आईला तोंडाने सांगू शकलो नसतो, म्हणून पत्रात सांगतो.

लोभ राहू द्या, आणि उपदेश पूर्वीइतकाच करा.
आपला,
रंगराव

ता. क. दादा, वरचे सगळे मी त्यांनी सांगितले तसे लिहिले, एक अक्षर गाळले नाही. मग उठून गोठ्यामागे गेले आणि ताडपत्री काढली. नारळ अजून आतच आहे, चिरडलेला. अन्नपूर्णा बसली होती तिथे हात घालून पाहिला. हात मावला नाही. आत येऊन पोरीला जवळ घेतले तर ती म्हणते, आई, तुझा हात किती गार आहे. तुम्ही लवकर या.
पुष्पा