गच्चीवरची पवनचक्की उतरवण्याबाबत

प्रति,
मा. वरिष्ठ अभियंता,
पवन ऊर्जा विभाग, तिसरा मजला.

विषय : माझ्या गच्चीवरील पवनचक्की सात दिवसांत उतरवण्याच्या नोटिशीबाबत.
संदर्भ : १) आपल्या सहीची नोटीस. २) आपले सभागृहातील भाषण, ‘पवन ऊर्जेचे फायदे’.

महोदय,

मी शिलाई यंत्रे दुरुस्त करते आणि नात्याने आपली थोरली बहीण आहे. दुसरी बाब अर्जात लिहायची नसते, हे मला ठाऊक आहे. परंतु परवा फोन केला तेव्हा, “ताई, घरचं घरी, ऑफिसचं ऑफिसात. रीतसर अर्ज कर,” असे आपण सांगितलेत. म्हणून रीतसर कळवते.

१. आपल्या भाषणाला मी शेवटच्या रांगेत हजर होते. निमंत्रण नव्हते, पण सख्ख्या भावाच्या भाषणाला निमंत्रण कशाला लागते, असे मला वाटले. वाऱ्याला इंधन लागत नाही, धूर होत नाही, राख उरत नाही, वारा कधी संपत नाही आणि साध्या घरालासुद्धा स्वतःची वीज स्वतः करता येते, असे आपण छान समजावून सांगितलेत. मी हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. चौथ्या दिवशी नोटीस आली. तीत माझी चक्की विनापरवाना, कर्कश आणि पक्ष्यांस घातक ठरली आहे. बावीस वर्षे एक ना एक कावळा तिच्या शेपटीवर बसत आला आहे. त्यांपैकी कोणाचीही तक्रार नाही.

२. आमच्याकडे दुपारी वीज जाते. तेव्हा माझ्या कामाच्या टेबलावरचा दिवा चक्कीने भरलेल्या बॅटरीवर चालतो. सुईच्या नेढ्याशी काम करायचे, आणि डोळे आता पूर्वीचे राहिलेले नाहीत. चक्की गेली तर दुपारनंतर दुकानाला कुलूप.

३. ही चक्की कशी झाली ते नोटिशीत नाही, म्हणून लिहिते. तू दहावीत होतास (‘आपण होतात’ असे वाचावे). संध्याकाळी घरात उजेड नसायचा. मी पिंपाचा पत्रा कापून पाती केली, सायकलचे चाक लावले, जुनी मोटर जोडली. तीन महिने गेले. पत्र्याने कापलेल्या तळहाताचा व्रण अजून आहे. तिच्यावर लागणाऱ्या दिव्याखाली अभ्यास करून आपण पास झालात. मग चक्की विज्ञान प्रदर्शनात गेली. तेव्हा आपण विचारले होतेत, “ताई, तुझं नाव घालू का?” मी म्हटले, “तुझंच घाल. घर एकच आहे.” पहिले बक्षीस मिळाले, त्यावर शिष्यवृत्ती मिळाली, पुढे ही खुर्ची. मला कधी वाईट वाटले नाही. उलट गल्लीभर मिरवले.

४. परंतु त्या दिवशी सभागृहात आपण म्हणालात, “शाळेत असताना मी स्वतःच्या हाताने पवनचक्की बनवली.” माझे हात तिथेच थांबले. मी शेवटच्या रांगेत आहे हे आपल्याला दिसत होते, कारण वाक्य संपल्यावर आपण खाली पाहून पाणी प्यायलात. केसाने गळा कापणे म्हणतात ते हेच. नोटीस त्यानंतरची. तिचे दुःख त्यापुढे काहीच नाही.

५. नोटिशीच्या कलम तीननुसार ‘ज्याने यंत्र बनवले, त्याने ते स्वखर्चाने उतरवावे’. प्रदर्शनाच्या प्रमाणपत्रानुसार बनवणारे आपण आहात. तरी आपण पाना घेऊन स्वतः यावे. शिडी माझ्याकडे आहे.

तसे जमत नसेल, तर चक्की ताईने केली एवढी एक ओळ आपल्या अक्षरात लिहून, त्याच सभागृहात उभे राहून वाचावी. मग सातव्या दिवसाची वाट न बघता मी माझ्या हाताने पाती उतरवीन.

उत्तराची वाट बघत नाही, हे खोटे लिहिणार नाही.

आपली, अर्जापुरतीच नम्र,
(सही)
शिलाई यंत्र दुरुस्तीवाली

दिनांक : नोटीस मिळाल्यापासून तिसरा दिवस

सोबत :
१) नोटिशीची प्रत
२) प्रदर्शनाच्या प्रमाणपत्राची प्रत
३) चक्की पहिल्यांदा फिरली त्या दिवसाचा फोटो. वर चक्कीजवळ आपण आहात. मी त्यात नाही. खाली शिडी धरून उभी होते.