दीड मीटरची गाठ

बारामती,
१० नोव्हेंबर २०२४

ती. स्व. तात्यांस,
पुतणी स्वरूपा हिचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर शिकवलेलं एका कानाने आत जातं आणि काकीच्या दोन्ही कानांनी गावभर होतं, असं तुमचंच म्हणणं, म्हणून हे पत्र. विशाल रोज अंथुर्ण्याहून मोटारसायकलवर आमच्या एमआयडीसीत कामाला येतो, तोच आपला पोस्टमन. डेअरीच्या प्रयोगशाळेत माझ्या टेबलावर पाकीट ठेवतो आणि आत काय लिहिलंय ते विचारत उभा राहतो. मी सांगत नाही.

बातमी अशी की मी कॅमेरा घेतला. सोबतची लेन्स झूमची आहे, सगळं आपोआप करणारी. पण आपोआप म्हणजे तिच्या मनाने. परवा दुधाच्या कॅनवर बसलेल्या मांजरीचा फोटो काढायला गेले, तर लेन्सने मांजर सोडून कॅनवरचा नंबर धरला. तेव्हाच ठरवलं, हाताने रिंग फिरवायची जुनी लेन्सच लावायची. जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसवायची कडी मिळाली आहे. तुमच्या पत्र्याच्या डब्यात अठ्ठावीसची, पन्नासची आणि एकशे पस्तीसची अशा तीन लेन्स आहेत. त्यातली कोणती देता?

आता जरा नाजूक विषय. रेश्माताईच्या बाळाच्या बारशाचा तुमचा रोल धुऊन आला. पाळण्याची दोरी अशी आली आहे की तिचा पीळ मोजून घ्यावा. बाळ मात्र कणकेच्या गोळ्यासारखं दिसतं. ताई विचारत होती, ही काही नवीन कला आहे का. शिवाय तुमचं अक्षर हल्ली वाटाण्याएवढं झालं आहे आणि ओळी डोंगर चढतात. तात्या, डोळे दाखवलेत का?

काकीला नमस्कार. राग आला तरी लेन्स द्यावी, एवढा लोभ ठेवा.

तुमची,
स्वरूपा


अंथुर्णे,
१५ नोव्हेंबर २०२४

चि. स्वरूपास,
तात्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षर मोठं येतं, कारण रिफिल जाड आहे. ओळी चढतात, कारण टेबलाचा एक पाय तोकडा आहे. आणि ज्या माणसाने छत्तीस वर्षं कारखान्याच्या वजनकाट्यावर बसून, बैलगाडी वळणावर असतानाच उसाचं वजन सांगितलं, त्याला डोळे दाखवलेत का असं विचारू नये. बाळाचं म्हणशील, तर महिन्याची बाळं सगळी सारखीच दिसतात. दोरी तुझ्या आजोबांच्या हातची आहे. मी योग्य तेच धरलं.

आता लेन्सचं ऐक. अठ्ठावीसने माणसाच्या फार जवळ जाऊ नये. आधी नाक येतं, माणूस मागाहून. तिचा उपयोग सगळं अंगण एका फोटोत बसवायला. एकशे पस्तीस ही भांडकुदळ माणसांसाठी. लांब उभं राहायचं, त्याला पत्ता लागू द्यायचा नाही आणि फक्त तोंड टिपायचं. पन्नासची मात्र घरातल्या सुनेसारखी, कुठल्याही कामाला पुढे. एकाच लेन्सला चिकटून राहा. जवळचं हवं तर चालत जा, लांबचं हवं तर मागे सर, मात्र मागे विहीर नाही ना ते बघ.

रिंग फिरवताना नेमक्या जागेच्या जरा पुढे जायचं आणि हळूच माघारी यायचं. माणसाच्या डोळ्यावर धर. डोळा लख्ख आला की बाकी सगळं माफ असतं. अपर्चर सोळावर ठेवलं की पुढचं मागचं सगळंच बऱ्यापैकी दिसतं, पण ती आळशी माणसाची सोय.

सोबत एकशे पस्तीसची पाठवतो. पन्नासची मी जिवंत असेतो मिळणार नाही. अभ्यास कर आणि मोठ्यांच्या डोळ्यांची चौकशी सोडून बाकी लोभ वाढव.

तुझा,
सर्जेराव तात्या


अंथुर्णे,
२१ नोव्हेंबर २०२४

चि. सोरूपा हीस,
काकीचा आशीर्वाद. मी चौथीपतूर शिकल्याली हाय, चुकलं तर समजून घे. तुजे तात्या पारावर गेल्यात, तवर लिवती.

तू बाळाचं इचारलंस ते बरं केलंस. त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू हाय. इंदापूरच्या डॉक्टरनं दोन वर्सामागं सांगितलं, पार पिकलाय, काढून टाका, जास्त दिस ठेवला तर डोळा जाईल. तो कागद त्यांनी लेन्सच्या डब्यात तळाला दडवलाय. इचारलं तर म्हणत्यात, माज्याकडं माजी तीन भिंगं हायती, डोळ्यात दुसऱ्याचं कशाला बसवू.

परवा दिस मावळताना मोटारसायकलीवर येत व्हते. म्होरं उसाची ट्राली उभी, तिला मागं दिवा न्हाय. हातभरावर बिरेक लागला. मी मागं बसल्याली, म्हणून वरडले. एकले असते तर? सोरूपा, मला लई भ्या वाटतं गं.

आन् फोटू कसं काढत्यात ते सांगते, कुणाला बोलू नगंस. माज्या लाल परकराची नाडी घेतलीया. तिचं एक टोक क्यामेऱ्याला बांदल्यालं. नाडीला एक गाठ हाय, ती माज्या नाकाला टेकवायची आन् नाडी सोडून खटका दाबायचा. लेन्सवर दीड मीटर लावून ठिवत्यात. लोकास्नी सांगत्यात, उजेड मोजतोय! बारशाला पाळण्यापाशी बायांची गर्दी, तितं नाडी कशी लावणार? म्हणून तो गोळा झाला.

तुजं ते ऐकत्यात. कायतरी कर. माया हाय ती हायच.

तुजी काकी,
बनाबाई


बारामती,
२५ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. तात्यांस,
स्वरूपाचा शि. सा. न. वि. वि.

एकशे पस्तीसने आमच्या सुपरवायझरचं तोंड लांबून टिपलं. तुमचं खरं निघालं, त्यांना पत्ताही लागला नाही. पण तुमचे जुने फोटो मी पुन्हा पाहिले. बारसं सोडलं तर गेल्या चार वर्षांतले सगळे भर उन्हातले, म्हणजे सोळा अपर्चरचे. आळशी माणसाची सोय कोण वापरतं, ते मी बोलत नाही.

चला, पैज लावू. काकीचे दहा फोटो काढा. पन्नासची लेन्स, ओसरीतली सावली, अपर्चर पूर्ण उघडं, म्हणजे जिथे धराल तेवढंच लख्ख येणार. दहापैकी सहा फोटोंत काकीचा डोळा लख्ख आला तर तुम्ही जिंकलात. मग तुम्ही सांगाल तो फोटो मोठा करून मी माझ्या बाहेरच्या खोलीत लावीन आणि तुमच्या डोळ्यांचं नाव जन्मात काढणार नाही. हरलात तर मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं. कसं कळलं ते विचारू नका, मला कळलं ते कळलं.

भीत असाल तर तसं कळवा. पुतणीचा लोभ तरीही कमी होणार नाही.

तुमची,
स्वरूपा


(त्याच पाकिटातली घडीची चिठ्ठी)

काकी, नमस्कार. ती गाठ सोड आणि कॅमेऱ्याच्या बाजूला एक वीत अलीकडे बांध. तात्या तेवढे जवळ येतील, पण लेन्स दीड मीटरचंच बघेल, म्हणजे तुझ्या पाठीमागची भिंत. तू भिंतीला टेकूनच बस. लबाडी आहे, मला माहीत आहे. पण खऱ्या गाठीने ते जिंकतील आणि डोळा घालवून बसतील. चिठ्ठी मुद्दाम मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात लिहिली आहे. तुला चष्म्याने जमेल. तात्यांना ही वाचता आली, तर पैज तेच जिंकले असं मी लिहून देते. वाचून झाली की चुलीत घाल.


अंथुर्णे,
१ डिसेंबर २०२४

चि. स्वरूपास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

भितो कोण? रोल विशालच्या हाती पाठवला आहे. तुझी काकी भिंतीला टेकून पुतळ्यासारखी बसली आणि सारखी पदरात तोंड घालून हसत होती. मी रागावलो, तर म्हणाली की नाकाला गुदगुल्या होतात. असो. दहाच्या दहा अचूक आहेत. फोटो मोठा करायला कुठे टाकायचा ते आधीच बघून ठेव, आणि भिंतीला खिळाही मार.

विजयाची मिठाई अंथुर्ण्यात पोचती व्हावी, मग लोभाचं बघू.

तुझा,
सर्जेराव तात्या


बारामती,
१२ डिसेंबर २०२४

ती. स्व. तात्यांस,
शि. सा. न. वि. वि.

रोल पुण्याहून धुऊन आला. दहाही फोटो सोबत आहेत. तुम्हाला बघायला त्रास होईल, म्हणून सांगते. काकीच्या मागे कॅलेंडर आहे. त्यावर संकष्टी कधी आहे, दूध कुठल्या तारखेला आलं नाही, सगळं वाचता येतं. चुन्याचे पोपडेसुद्धा मोजता येतात. काकीचं तोंड मात्र दहाही फोटोंत लोण्यासारखं आहे. विश्वास नसेल तर पारावर कुणालाही दाखवा.

तात्या, चेष्टा पुरे. मला मोटारसायकलचं कळलं आहे. तुम्ही मला पहिल्यांदा कॅमेरा दिलात तेव्हा मी सात वर्षांची होते. तुमच्या डोळ्याने बघायला शिकले, तो डोळा असा हट्टापायी जाऊ देऊ नका. पैज हरलात, आता शब्द पाळा. ऑपरेशनसाठी तेवीस तारखेला मी रजा काढली आहे.

तुमची,
स्वरूपा


अंथुर्णे,
१५ डिसेंबर २०२४

चि. स्वरूपास,
आशीर्वाद.

फोटो पारावर फकीरभाईंना दाखवले. ते म्हणाले, कॅलेंडर झकास आलंय, पण ह्यापुढं कोन बसलंय? येतो तेवीसला.

स. तात्या


अंथुर्णे,
१९ जानेवारी २०२५

चि. स्वरूपास,
तात्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षर बघ. रिफिल तीच, टेबलही तेच.

ऑपरेशनच्या दिवशी तू बाहेर बसली होतीस, तेव्हा डॉक्टरांनी आत विचारलं होतं की लांबचं दिसणारं भिंग बसवायचं की जवळचं. मी म्हणालो, दीड मीटरचं द्या. ते हसले आणि लांबचं बसवलं, वाचायला चष्मा दिला. म्हणजे आता माझ्याही डोळ्यात ना झूम, ना आपोआप फोकस. एकच लेन्स, जवळचं हवं तर चालत जायचं.

पट्टी निघाली तेव्हा तुझी काकी समोर उभी होती. खरं सांगतो, ती एवढी थकली आहे हे मला ठाऊकच नव्हतं. कानापाशी सगळे केस पांढरे, डोळ्यांखाली काळं. चार वर्षं तिच्या नाकाला नाडी लावली आणि तिच्याकडे पाहिलं एकदाही नाही. फार वाईट वाटलं. मोटारसायकलवर मागे बसून ती ओरडली होती, तेही मी हसण्यावारी नेलं होतं. तिची माफी मागितली. ती म्हणाली, आता व्हय सुचलं?

पण हे पत्र त्यासाठी नाही. परवा मी ती नाडी हातात घेतली. उन्हाने तिचा लाल रंग उडून गुलाबी झाला आहे. गाठीपासून बरोबर एक वीत पलीकडे मात्र बोटभर जागा अजून लालभडक. जुनी गाठ तिथे होती, म्हणून तिला ऊन लागलं नाही. छत्तीस वर्षं काट्यावर काढलेल्या माणसाला मापातली लबाडी कळायला वेळ लागत नाही, फक्त दिसावं लागतं.

मग डब्यात हात घातला. डॉक्टरच्या कागदाखाली एक बारीक घडी सापडली. तुझ्या काकीने आजवर एकही पत्र चुलीत घातलेलं नाही, हे तू विसरलीस. चष्मा लावला आणि मुंगीचे पाय एकेक करून वाचले, अगदी काना-मात्रेसकट. तात्यांना ही वाचता आली, तर पैज तेच जिंकले, असं त्यात तुझ्या हातचं लिहिलेलं आहे. सबब पैज मी जिंकलो.

तेव्हा ठरल्याप्रमाणे माझ्या डोळ्यांचं नाव पुन्हा काढायचं नाही. सोबत रोल आहे. त्यातला शेवटचा फोटो तुझ्या काकीचा आहे, ओसरीतल्या सावलीत, अपर्चर पूर्ण उघडं. नाडी कुठं गेली म्हणून ती विचारत होती. मी म्हणालो, परकरात घाल. रिंग जरा पुढे नेली, हळूच माघारी आणली आणि तिच्या डोळ्यावर धरली. धुऊन यायची वाट बघायची मला गरज नाही. तो मोठा करून तुझ्या बाहेरच्या खोलीत लाव.

पन्नासची लेन्स अजूनही मिळणार नाही. आता मला तिचं काम आहे. तुम्हा दोघी लबाडांवर आहे तो लोभ आहेच, आता तो स्पष्ट दिसतो इतकंच.

तुझा,
सर्जेराव तात्या