मोहाखाली सापडलेली सोमीबाई

चैत्र, मंगळवार, दिवेलागण

पल्लवीच्या ओढणीला अजून मोहफुलांचा वास आहे. डोळे मिटले की वाटतं, मीच झाडाखाली उभा आहे.

ही नात माझी डॉक्टरकीच्या परीक्षेचा अभ्यास करते, आणि सकाळी स्वतःहून शेजारच्या गावी जाते, क्षयाच्या सोमीबाईला गोळी द्यायला. पण चार दिवस सोमीबाईच्या दाराला कडी; गोळी दाराच्या फटीत ठेवून ही परत येते. गोळ्यांत खंड पडला तर आजार उलटतो, हीच तिला धास्ती. काल रडकुंडीला आली. "आबाजी, माही गरजच नाई तिले. आता नाई जात मी."

"अवं, मोह पडून राह्यला. सकाळी घरी कोण बसते? झाडाखाली पाह्य तिले."

हे मला आधीच काऊन सुचलं नाही?

आज गेली. आधी दोघींनी फुलं वेचून टोपलं भरलं. मग सोमीबाईने पदराची गाठ सोडली. चारही गोळ्या तशाच. म्हणाली, "एकटीच्यानं घशाखाली उतरत नाई वं माय. उद्या लवकर ये."

आता पल्लवी पुस्तक उघडून बसली आहे. म्हटलं, ओढणी धुवायला टाक.

"राहू द्या, आबाजी. उद्या पुन्हा भरनच."