आईंनी शर्यत जिंकली

शरद,

घराला कुलूप बघून घाबरू नकोस. आईंना घेऊन सराफ्यात चालले आहे. पोळ्या डब्यात आहेत, भाजी तेवढी गरम करून घे.

तुझा जुना गेमिंग लॅपटॉप महिन्यापूर्वीच सुरू झाला, तुला मुद्दाम सांगितलं नव्हतं! दुकानदार म्हणाला होता, "मॅडम, अब नया ही ले लो." मी ऐकलं नाही. मागचं झाकण उघडलं, तर पंख्यांत धुळीचा थर आणि प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. सगळं पुसून नवी पेस्ट लावली, रॅमही वाढवली. आता तो तापून मध्येच बंद पडत नाही.

अर्धांगाचा झटका आल्यापासून आईंचा डावा हात नुसता मांडीवर पडून असायचा. तू तर तिकडे बघायचंच टाळायचास. गाड्यांच्या शर्यतीत वळायची बटणं डाव्या हाताखाली येतात, म्हणून व्यायामासाठी मी त्यांना तो खेळ शिकवला. आज त्यांनी त्याच बोटांनी अख्खी शर्यत पुरी केली आणि पहिल्या आल्या! केवढ्यांदा ओरडल्या, "राजी, हरवलं गं मेल्यांना!"

आणि लगेच म्हणाल्या, दवाखान्यात काढलेली बांगडी पुन्हा डाव्या हातात घालायची. ती चेपली आहे, तेवढी सरळ करून आणतो.

लॅपटॉप बंद करू नकोस. पुढची शर्यत त्यांना तुझ्याशी लावायची आहे. हात धुऊन समोर बसून राहा.

— राजलक्ष्मी