गेम करायली

चारठाणा
ता. १० ऑगस्ट २०२५

चि. परमेश्वर यास,
दैवशालाआक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

माझं ऐकून न घेता फोन ठेवलास, म्हणून कागदावर भांडते आहे. हे तरी तुला मध्येच तोडता यायचं नाही.

माझ्याकडं राहून शिकणारी तुझी लेक शाळेत दिवसभर गेम करायली, असं गावातल्या भुजंगनं तुला सांगितलं आणि तू लगेच शाळा सोडवून तिला मेंढरांमागं लावायला निघालास. अरे, अर्पिता गेम खेळत नाही, तयार करते आहे. सातवीच्या पोरांना सरांनीच कॉम्प्युटरवर ते काम दिलंय. पडद्यावरचं मेंढरू उजवीकडं न्यायचं तर अधिक, डावीकडं न्यायचं तर वजा. गेल्या वर्षी ऋण संख्या बघून रडणारी पोरगी आता मलाच शिकवते. गेममधल्या नदीला पाणी कुठून येतं ते दाखवायचं, म्हणून भूगोलाचं पुस्तक आपण होऊन उघडते. घोकल्याशिवाय अभ्यास होतच नाही, असं तुला कुणी सांगितलं? मला तुझा भयंकर राग आलाय.

माझ्या भावजयीच्या, कासाबाईच्या पायाची सूज उतरली का? माया आहेच, म्हणून तर बोलते. रविवारी आलास तर जेवूनच जा, पण पोरीला न नेता एकटा परत जा.

तुझी
आक्का

येलदरी
ता. १४ ऑगस्ट २०२५

ति. आक्कास,
परमेश्वरचा शि. सा. न. वि. वि.

कासाबाई बरी आहे, बाहेर हिंडते. रागवायचा हक्क काय तुला एकटीलाच आहे? आपल्याकडं गेम करणं म्हणजे काय, ते तुला माहीत नाही का? मला वाटलं, पोरगी वाईट संगतीला लागून कुणाचा काटा काढायली. तुझ्या पत्रानं तो घोर गेला, राग नाही गेला.

शेजारच्या सुरजनं तिचा तो गेम माझ्या मोबाइलवर लावून दिला. अंगठा दुखेपर्यंत खेळलो, एकही मेंढरू नदीच्या पैलतीराला लागलं नाही. लागेल कसं? हरेक मेंढरू आपल्या मनानं चालतंय. पुढचं जाईल तिकडं कळप जातो, हे मेंढरं राखणाऱ्याच्या लेकीला कळू नये? फोन करून झापलं, तर मलाच म्हणते की पुढच्यामागं बाकीची आणायला प्रत्येकाची जागा आलेखावर मांडता यावी लागते आणि तो धडा दिवाळीनंतर आहे.

म्हणून मी रविवारी येत नाही. तिला तिथंच ठेव आणि सरांना माझा निरोप सांग, तो धडा आधी घ्या. माझी मेंढरं बुडायलीत.

भांडणानं लोभ वाढत असेल तर आपला वाढू दे.

तुझा धाकटा
परमेश्वर